सूचनांमधली विरामचिन्हे जागच्या जागी हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकणात सूचनांचे दिवस सुरू होतात. बंदरावर मासेमारी बंदीचा फलक लागतो, ग्रामपंचायत दरडीखालची घरे रिकामी करायला सांगते, एस.टी. आगारात वळवलेल्या फेऱ्यांचा कागद काचेवर चिकटतो आणि या सगळ्याचे फोटो गावागावांतल्या मोबाइलवर फिरतात. मजकूर बहुतेक वेळा बरोबर असतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही सांभाळून घेता येतात. पण विरामचिन्हे एक तर गाळलेली असतात, नाही तर वाटेल तिथे टाकलेली असतात. आणि सूचना कोणासाठी, कधीची, कुठली, हेच त्यामुळे बदलते. मुद्रितशोधन करणारे आणि मराठी शिकवणारे आम्ही काही जण त्याबद्दल हे पत्र लिहीत आहोत.

हे वाक्य पाहा : ‘सर्व नौका बंदरात आणाव्यात उद्या दुपारनंतर समुद्र खवळण्याची शक्यता आहे’. पूर्णविराम ‘आणाव्यात’नंतर दिला तर नौका आत्ताच आणायच्या, कारण उद्या दुपारनंतर समुद्र खवळणार. तोच पूर्णविराम ‘दुपारनंतर’च्या पुढे दिला तर नौका उद्या दुपारनंतर आणायच्या, म्हणजे समुद्र खवळल्यावर. मराठीत क्रियापद शेवटी येते हे खरे, पण बोलताना आपण राहिलेला तपशील क्रियापदाच्या मागून सहज जोडतो : ‘ये हां, संध्याकाळी’, ‘आणून ठेव, उद्या’. बोलण्यात आवाजाची चढउतार असते, म्हणून ते खपते. कागदावर मात्र दोन वाक्यांच्या मध्ये सापडलेला ‘उद्या दुपारनंतर’ मागच्या वाक्याचा की पुढच्या, हे फक्त पूर्णविराम सांगतो. म्हणून सूचनेत वेळ आणि तारीख क्रियापदाच्या आधी लिहावी आणि प्रत्येक क्रियापदानंतर वाक्य संपते का हे तपासावे. संपत असेल तर तिथे बिंदू हवाच.

याहून नाजूक जागा ‘-ने’ आणि ‘-लेल्या’ यांची आहे. ‘संस्थेने दिलेल्या मुदतीत हिशेब सादर केला नाही.’ असे ठरावात लिहिलेले असते. दोष कोणाचा? ‘संस्थेने’ हा कर्ता ‘दिलेल्या’शीही जोडता येतो आणि ‘सादर केला नाही’शीही. ‘संस्थेने, दिलेल्या मुदतीत, हिशेब सादर केला नाही.’ असे लिहिले तर संस्था दोषी ठरते. ‘संस्थेने दिलेल्या मुदतीत, हिशेब सादर केला नाही.’ असे लिहिले तर मुदत संस्थेने दिली होती आणि हिशेब दुसऱ्याच कोणी दिला नाही. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की आरोपी बदलतो. पण नुसत्या स्वल्पविरामावर अशी वाक्ये सोडू नयेत. तो झेरॉक्समध्ये उडतो. ‘संस्थेने दिलेल्या मुदतीत ठेकेदाराने हिशेब सादर केला नाही.’ असा दुसरा कर्ता लिहून टाकावा. तो लिहिला की स्वल्पविरामाची गरजही उरत नाही. ठराव, नोटीस, तक्रार अर्ज यांत ‘केलेल्या’, ‘दिलेल्या’, ‘घेतलेल्या’ असे शब्द आले की त्यांच्या आधीचा ‘-ने’ कोणाचा, हे एकदा बोट ठेवून पाहावे.

तिसरी जागा जबाबात आणि पंचनाम्यात येते, आणि जमिनीच्या तंट्यांत ती फार महाग पडते. मराठीत ‘की’ लावून दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण ‘मी’, ‘माझे’ तसेच ठेवतो. ‘शेजाऱ्यांनी सांगितले की माझ्या आजोबांनी हा गडगा घातला आहे.’ (गडगा म्हणजे दगडी कुंपण.) आजोबा कोणाचे? जबाब देणाऱ्याचे की शेजाऱ्याचे? दोन्ही अर्थ मराठीत शुद्ध आहेत. शेजाऱ्याचे आजोबा असतील तर त्याचे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घ्यावेत : शेजाऱ्यांनी सांगितले, “माझ्या आजोबांनी हा गडगा घातला आहे.” स्वतःचे आजोबा असतील तर ‘की’ काढून टाकावा : ‘हा गडगा माझ्या आजोबांनी घातल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.’ इथे शंकेला जागा राहत नाही. अवतरणात पूर्ण वाक्य असेल तर त्याचा पूर्णविराम चिन्हाच्या आत, आणि एखादाच शब्द उचललेला असेल तर बाहेर, एवढे पाळले तरी पुरते. बोललेल्या शब्दांना दुहेरी चिन्ह, नावाला किंवा वेगळ्या दाखवायच्या शब्दाला एकेरी.

‘की’च्या मागे स्वल्पविराम द्यावा की पुढे, यावर शिक्षकांतही वाद होतो. आमचे मत स्पष्ट आहे : ‘की’ पुढच्या वाक्याला बांधलेला असतो, म्हणून द्यायचाच तर त्याच्या आधी द्यावा, नंतर नको. ‘ते म्हणाले की,’ असे लिहून थांबणे सर्रास दिसते, पण तिथे वाचणाऱ्याला उगाच ठेच लागते. छोट्या वाक्यात तर दोन्हीकडे काही नसले तरी चालते.

विरामचिन्हे इंग्रजीची उसनवारी आहे, मराठीला त्यांची काय गरज, असेही ऐकू येते. चिन्हे बाहेरून आली हे खरेच आहे. कोकणातल्या जुन्या घरांत अजून सापडणाऱ्या मोडी कागदांत शब्दांमध्येसुद्धा जागा सोडलेली नसते, मग चिन्हे कुठली? ते कागद वाचणाऱ्या कारकुनाला मायना आणि ठरलेली वाक्ये पाठ असत, त्यामुळे त्याचे अडत नसे. छापील गद्य आले आणि वाचणारा अनोळखी झाला. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. पुढे १८५० साली मेजर थॉमस कँडी यांनी मराठीसाठी विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चिन्हांचे आकार उसने असले तरी ती कुठे बसवायची हे मराठी वाक्यच ठरवते, आणि वर दिलेली तिन्ही उदाहरणे मराठीच्या घडणीतूनच आलेली आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१९६२ सालचे १४ आणि १९७२ साली जोडलेले ४) मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्याबद्दल आहेत. त्यामुळे विरामचिन्हांची भिस्त शाळेतल्या व्याकरणावर राहते, आणि तिथे ती चिन्हांची नावे पाठ करून दोन गुणांत संपतात.

मराठीची घडण काही ठिकाणी चिन्हाचे काम स्वतःच करते, तेही माहीत असावे. ‘जुने इंजिन व होडी विकणे आहे’ यात होडी जुनी की नवी हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण ‘जुने’ हे रूप ‘इंजिन’शी जुळते, ‘होडी’शी नाही. पण ‘नवीन जाळी, दोर व इंजिन’ यात ‘नवीन’ तिन्ही लिंगांत तसाच राहतो, म्हणून तिथे गोंधळ होतो. अशा वेळी विशेषण कंसात, वस्तूच्या लगेच पुढे टाकावे : ‘जाळी (नवीन), दोर, इंजिन’.

गावांच्या नावांपाशी स्वल्पविरामाला फार जपावे लागते. मुरूड रायगडात आहे, आणि दापोली तालुक्यातही आहे, महर्षी कर्व्यांचे. ‘शिबिर मुरूड, दापोली, हर्णै येथे’ असे लिहिले तर तीन ठिकाणे झाली. आणि लिहिणाऱ्याच्या मनात ‘दापोलीतले मुरूड आणि हर्णै’ अशी दोनच असतील तर दापोलीच्या लोकांनी कुठे जायचे? ‘मुरूड (ता. दापोली) आणि हर्णै’ असे लिहावे. जिल्हेही द्यायचे असतील तर आतली फोड स्वल्पविरामाने आणि बाहेरची अर्धविरामाने करावी : ‘मुरूड, जि. रायगड; मुरूड, ता. दापोली, जि. रत्नागिरी; मालवण, जि. सिंधुदुर्ग’. अर्धविराम कोणी वापरत नाही म्हणून तो मराठीत मेल्यासारखा झाला आहे. पण याद्यांमध्ये आणि खरेदीखतातल्या चतुःसीमेत त्याच्याइतके उपयोगाचे चिन्ह नाही. ‘पूर्वेस गडगा व वहाळ पश्चिमेस स. नं. ४५ ३ व पाणंद’ हे वाचवत नाही. ‘पूर्वेस गडगा, त्यापुढे वहाळ; पश्चिमेस स. नं. ४५/३, त्यापुढे पाणंद’ असे लिहिले की प्रत्येक दिशा आपापल्या खणात बसते. सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांच्यामध्ये तिरकी रेघच हवी. ‘४५, ३’ लिहिले तर ते दोन वेगळे सर्व्हे नंबर होतात.

बागायतदारांच्या ऑर्डरींत संयोगचिन्ह पैशाचे काम करते. ‘पाच सहा डझनी पेट्या पाठवा’ असा निरोप येतो. ‘पाच-सहा’ जोडले तर डझनाडझनाच्या पाच किंवा सहा पेट्या, म्हणजे ६० ते ७२ आंबे. ‘सहा-डझनी’ जोडले तर सहा डझनांच्या पाच पेट्या, म्हणजे ३६० आंबे. ऐन हंगामात मुंबईला जाणाऱ्या गाडीत माल भरताना हा फरक विचारायला कोणाला वेळ नसतो. अंक आणि अक्षर वेगळे केले तर प्रश्नच मिटतो : ‘६ डझनी पेटी : ५ नग’. तीच गोष्ट ‘दोन तीन दिवसांत’ याची. ‘दोन-तीन’ असे जोडून लिहावे, आणि अंकांत लिहायचे तर ‘२ ते ३’ लिहावे, कारण बारीक अक्षरात ‘२-३’मधली रेघ पुसली की २३ दिवस होतात.

अंकांच्या आसपासचे बिंदू सगळ्यात धोक्याचे. फवारणीच्या चिठ्ठीवर ‘.५ मिलि’ लिहितात. चिठ्ठीची झेरॉक्स निघते, बिंदू जातो, आणि औषध दहापट पडते. दशांशाआधी शून्य नेहमी लिहावे : ‘०.५ मिलि’. मग बिंदू पुसट झाला तरी ‘० ५’ पाहून माणूस थबकतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे बिंदूंनी तोडून येते. ‘०.१०.५०’ म्हणजे १० आर ५० चौ. मी., एकूण १,०५० चौ. मी. उतारा हाताने लिहून घेताना शेवटचे शून्य निरर्थक समजून ‘०.१०.५’ लिहिले, तर ते ५ चौ. मी. वाचले जाते आणि ४५ चौ. मी., म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, कागदावर कमी होतो. ‘रु.५००’ असे चिकटवून लिहिले की बिंदू दशांशाचा वाटतो, ‘रु. ५००/-’ अशी जागा सोडावी, आणि शेवटची ‘/-’ ठेवावी, कारण तिच्यामुळे पुढे कोणाला अंक वाढवता येत नाही. वेळ ‘१०.३’ अशी अर्धवट लिहू नये, ‘सकाळी १०.३०’ लिहावे. मासेमारी बंदीसारख्या सूचनेत महिना अक्षरांत लिहावा, आणि ‘१ जून ते ३१ जुलै (दोन्ही दिवस धरून)’ असा कंस जोडावा. त्या कंसाने ३१ जुलैला नौका सोडायची की १ ऑगस्टला, हा दरवर्षीचा प्रश्न सुटतो.

‘ता.’ या संक्षेपाचा बिंदू तारखेलाही लागतो आणि तालुक्यालाही. एकाच ओळीत दोन्ही आले तर तारखेसाठी ‘दि.’ वापरावे. आणि ‘ता.’ ओळीच्या शेवटी राहून ‘दापोली’ पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून वर्डमध्ये दोहोंच्या मध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस द्यावा. ती जागा तुटत नाही.

टंकनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘विषयः’, ‘स्थळः’, ‘वेळः’ असे आता छापील पत्रिकांतही दिसते. तो अपूर्णविराम (:) नसून विसर्ग आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर, इंग्रजीत ज्या कळीवर अपूर्णविराम असतो तिथे ‘च’ आणि ‘छ’ बसलेले आहेत. चिन्ह सापडत नाही, म्हणून टंकणारा शिफ्ट धरून वजाच्या कळीवरचा विसर्ग उचलतो. दिसायला सारखाच, पण विसर्ग अक्षराला चिकटून त्या शब्दाचा भाग होतो : ‘वेळः’ या शब्दाचा उच्चार बदलतो, आणि संगणकावर ‘वेळ’ हा नेमका शब्द शोधताना तो निसटू शकतो. दृष्टिहीन व्यक्ती वाचक-प्रणालीवर सूचना ऐकतात, त्यांच्या कानावर तर चुकीचाच शब्द पडण्याची भीती असते. उपाय सोपा आहे : क्षणभर इंग्रजी कळफलकावर जाऊन खरा अपूर्णविराम टंकावा, आणि मराठीत त्याच्या आधी एक जागा सोडावी : ‘वेळ : सकाळी १०’. त्यामुळे विसर्गाचा भासही होत नाही. विसर्ग ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘चतुःसीमा’ अशा शब्दांसाठी राखून ठेवावा. त्याच कळफलकावर बिंदूच्या कळीवर शिफ्ट दाबले की उभा दंड उमटतो, आणि घाईत तो वाक्याच्या शेवटी राहून जातो. मराठी गद्यात पूर्णविराम म्हणजे बिंदू. दंड हा अभंगाचा, ओवीचा, आरतीचा. भजनी मंडळांच्या वह्यांत चरणाला एक आणि कडव्याला दोन, ‘॥१॥’ असा, तो तिथेच शोभतो.

स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा सोडू नये, नंतर एक सोडावी. आधी जागा राहिली तर फलकावर चिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडते आणि मागचे वाक्य उघडे राहते. उद्गारचिन्ह सूचनेत लागतच नाही. ‘सावधान!!!’मधली तीन चिन्हे धोका वाढवत नाहीत, पुढचा मजकूर मात्र बारीक करायला लावतात.

प्रश्नचिन्ह गाळण्याची सवय मोबाइलमुळे वाढली आहे. मराठीत ‘का’ न लावताही नुसत्या सुराने प्रश्न विचारता येतो, म्हणून इथे ते चिन्हच सगळा भार उचलते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीबद्दल कोणी ‘शेवटची बोट गेली’ असा निरोप पाठवला, तर ती बातमी की चौकशी? ‘गेली?’ लिहिले असते तर वाचणारा बंदराकडे निघाला तरी असता. उलट ‘पाणी कधी येणार याची चौकशी कार्यालयात करावी’ या वाक्यात ‘कधी’ असला तरी वाक्य आज्ञेचे आहे, तिथे पूर्णविरामच.

स्वल्पविराम नको तिथे टाकण्याची चूक गाळण्याइतकीच मोठी आहे. ‘सर्व ग्रामस्थांना, कळविण्यात येते की,’ यातले दोन्ही फुकट आहेत. श्वास घ्यायला थांबलो म्हणून चिन्ह द्यायचे नाही. संबोधनानंतर द्यायचे : ‘गुरुजी, मुले आली.’ ‘जे-ते’, ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’ यांच्या जोडीत पहिले वाक्य संपल्यावर द्यायचे : ‘ज्यांच्या घरामागे दरड आहे, त्यांनी शाळेत स्थलांतर करावे.’ यादीत शेवटच्या ‘आणि’पूर्वी सहसा नको, पण जोड्यांची यादी असेल तर हवा : ‘लांजा आणि राजापूर, देवगड आणि कणकवली, अशा दोन फेऱ्या’. हे स्वल्पविराम काढले तर किती फेऱ्या आणि कुठून कुठे, हे वाहकालाही सांगता येणार नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचे ‘सकाळी, रात्री जेवणानंतर’ असेच फसवे आहे. सकाळची उपाशीपोटी घ्यायची असे कोणीही समजेल. ‘सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा जेवणानंतर’ असे लिहावे.

सूचना लावण्यापूर्वीची तपासणी पाच मिनिटांची आहे. क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि प्रत्येकापुढे चिन्ह आहे का पाहावे. मग अंकांवरून एकदा बोट फिरवावे. मग ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला कागद मोठ्याने वाचायला द्यावा. ज्याने मजकूर लिहिला त्याने वाचून उपयोग नाही. त्याला अर्थ आधीच ठाऊक असतो आणि नसलेले चिन्हही तो वाचतो. वाचणारा जिथे मागे येऊन पुन्हा वाचतो, तिथे चिन्ह चुकले आहे किंवा वाक्य मोडून दोन करायला हवे. बहुतेक वेळा दुसरा उपाय बरा. शेवटी फलकाचा फोटो काढून तो मोबाइलवर लहान करून पाहावा. बिंदू आणि स्वल्पविराम ओळखू येत नसतील तर अक्षर वाढवावे, कारण लोक सूचना तशीच वाचणार आहेत. फलक रंगवणाऱ्याला मजकूर तोंडी किंवा फोनवर सांगू नये. टंकलेला कागद द्यावा, त्यातली चिन्हे लाल पेनाने गोल करावीत, आणि ‘चिन्हांसह जसेच्या तसे’ असे त्यावर लिहावे.

आपल्या दैनिकाकडेही दोन मागण्या आहेत. छोट्या जाहिरातींचे दर शब्दांवर ठरतात, म्हणून लोक चिन्हांचेही पैसे पडतील या समजुतीने ती गाळतात. जाहिरातीच्या अर्जावर ‘विरामचिन्हे शब्दांत मोजली जात नाहीत’ अशी एक ओळ छापावी. दुसरी मागणी मथळ्यांबद्दल आहे. कोणाचे म्हणणे मथळ्यात घेताना ते अवतरणात घ्यावे किंवा अपूर्णविराम देऊन बोलणाऱ्याचे नाव लिहावे : ‘पूल धोकादायक : ग्रामस्थ’. नुसते ‘पूल धोकादायक’ छापले तर तो निष्कर्ष दैनिकाचा होतो, आणि पुलावरून एस.टी. सोडायची की नाही हे ठरवणारा आगारातला माणूस सकाळी फक्त मथळाच वाचतो.

आपले,
मुद्रितशोधक व मराठीचे शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा